मदत हवी आहे : पूलच्या खेळासाठी पहिली क्यू, मेपल की कार्बन? दोन्ही हातात आहेत, पण ठरत नाहीये

तिरका_ब्रिज

मंडळी, स्वतःची क्यू (बॉल मारायची काठी) घ्यायची आहे. आजवर पार्लरच्याच वापरल्या. नाशिकच्या कॉलेज रोडला ८ फुटी स्लेटच्या टेबलावर एट-बॉल, आठवड्यातून तीनदा. दोन क्यू दहा दिवसांसाठी वापरायला मिळाल्यात, त्यातली एक ठेवायची. दोन्ही ५८ इंची.

पहिली : मेपलच्या लाकडाचा शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग), टिप (टोकाचं चामडं) १३ मिमी, दोन भाग जोडणारा जॉइंट स्टीलचा, मुठीला धाग्याचा रॅप. घरच्या काट्यावर ५७० ग्रॅम. टिप निळी, एका तुकड्याची, मऊ.

दुसरी : कार्बन शाफ्ट, १२.४ मिमी, रॅप नाही, ५३५ ग्रॅम. टिप थरांची, बाजूला 'हार्ड' छापलंय.

पहिलीचा फटका 'थप्' असा, हातात मुरल्यासारखा. दुसरीचा 'टक्'. दुसरीने सरळ शॉट सुरेख जातात, पण जरा साइड दिली (बॉल मध्यापासून डावी-उजवीकडे मारला) की रोजचे पॉट हुकतात. पहिलीने ड्रॉ (बॉल मागे आणणारा खालचा फटका) मारताना मधूनच मिसक्यू होतो, टिप बॉलवरून घसरते. दुकानदार म्हणतो कार्बन घ्या, कायमची चिंता मिटली. विकणारा तेच म्हणणार म्हणा. नेमकं काय तपासून ठरवू?

चॉक_नि_फडका

तुमची तुलना दोन क्यूंची नाहीच, दोन टिपांची आहे.

टिप आणि बॉल एकमेकांना भिडलेले असतात जेमतेम एक हजारांश सेकंद. हाताला जे जाणवतं ती पांढरा (क्यूने मारायचा बॉल) निघून गेल्यावर शाफ्टमधून आलेली थरथर, आणि त्यात निम्मा वाटा कानाचा. टिप किती कडक, फेरूल (टिपखालची कडी) कसलं, शाफ्टचा पुढचा वीतभर भाग कसा आहे, यावर ती थरथर ठरते. जॉइंट स्टीलचा की लाकडाला लाकूड, हा वाद खूप रंगतो. पण डोळे बांधून, टिप आणि शाफ्ट तेच ठेवून जॉइंट ओळखा म्हटलं तर भलेभले गप्प होतील. बटावरची (क्यूच्या मागच्या जाड भागावरची) नक्षी जाणवते ती फक्त किमतीला.

तेव्हा मालकाला विचारून दोन्हींना एकाच कंपनीची, थरांची मीडियम टिप लावा. लावणारा माहीतगार नसेल तर शेजारी उभे राहा. जुनी टिप कापल्यावर फेरूलवरचा जुना गोंद पूर्ण निघाला पाहिजे आणि तोंड सपाट पाहिजे. टिपची खालची बाजूही काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करायची. गोंद जेलचा, जाड सुपरग्लू. पातळ वापरला तर चामड्यात शिरतो आणि तळ दगडासारखा होतो, मग मऊ टिपही कडक लागते. सुकल्यावर टिप टेबलाकडे करून शाफ्ट उभा धरायचा, कडा ब्लेडने वरून खाली छाटायच्या, फेरूलला ब्लेड लागू न देता. शेवटी बाजू ओली करून चामड्याच्या तुकड्याने घोटायची, म्हणजे टिप छत्रीसारखी पसरत नाही.

कार्बनवर ब्लेड जपून. शाफ्टच्या कडेला लागलं तर धागे सुटतात आणि ते परत बसत नाहीत. घासणार असाल तर मास्क लावा, ती पूड छातीत जायला नको.

मिसक्यूचं कारण मला वाटतं दिसायला सोपं आहे. टिप वरून सपाट झालीय का पाहा. गोलाई साधारण रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी हवी. नाणं टिपच्या मागे धरून उजेडाकडे बघा, दोन्हींची गोलाई जुळली पाहिजे. निळ्या मऊ टिपा दाबल्या जाऊन वरून चकाकायला लागतात, मग चॉक (टिप घसरू नये म्हणून लावायचा खडू) धरत नाही.

उलटी_साइड

साइडला हुकण्याचं बोलतो. क्यू चुकत नाहीये, तुमची सवय चुकतेय.

पांढऱ्याला उजवी साइड दिली की तो नेमाच्या रेषेपेक्षा थोडा डावीकडे निघतो. हे डिफ्लेक्शन. किती, हे शाफ्टच्या पुढच्या टोकाच्या वजनावर ठरतं, कारण त्या हजारांश सेकंदात क्यूचा तेवढाच भाग आडवा ढकलला जातो. टोक हलकं तर विचलन कमी. कार्बनची नळी पातळ असते, म्हणून टोक हलकं ठेवता येतं. २०१६ मध्ये प्रेडेटर कंपनीच्या रेव्हो शाफ्टने कार्बनची लाट आणली, त्याआधी हेच काम मेपलचं टोक आतून पोखरून करत आणि अजूनही करतात.

पार्लरच्या जड टोकाच्या क्यूवर तुम्ही नकळत उजव्या साइडला थोडा उजवीकडे नेम धरायला शिकलात. तोच नेम हलक्या टोकावर धरला की पांढरा जास्तच उजवीकडे जातो. पडताळून पाहा: दुसरीने हुकताना पांढरा साइड दिलेल्या बाजूलाच सरकतो का? सरकत असेल तर निदान पक्कं.

मोजायचं असेल तर पांढरा हेड स्पॉटवर (ब्रेक मारायच्या बाजूच्या खुणेवर) ठेवा, समोरच्या आखूड कुशनच्या मधल्या डायमंडवर (कडेवरच्या खुणेवर) नेम. क्यू रेषेला समांतर ठेवूनच मध्यापासून १ सेंमी उजवीकडे सरकवा. बॉलची त्रिज्या २८.६ मिमी, तिच्या निम्म्याच्या, म्हणजे सुमारे १४ मिमीच्या पलीकडे गेलात की चांगल्या टिपलाही मिसक्यू ठरलेला. क्यू शक्य तितकी आडवी आणि फटका चांगला सणसणीत. हळू मारलात तर पांढरा साइडच्या बाजूला परत वळतो, त्याला स्वर्व्ह म्हणतात, आणि मोजणी फुकट जाते. मित्राला समोर मोबाइल स्लो-मोशनवर धरायला सांगा. ८ फुटी टेबलावर हेड स्पॉटपासून ते कुशन सुमारे १६८ सेंमी, तिथे १ अंश म्हणजे जवळपास ३ सेंमी. प्रत्येक क्यूने दहा फटके मारा आणि सरासरी काढा. एकेका फटक्यावर जाऊ नका.

आणि एक गैरसमज: कमी डिफ्लेक्शन म्हणजे जास्त स्पिन, असं नाही. मध्यापासून तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच वेगाने मारलं तर स्पिन जवळपास तेवढाच.

मायक्रोमीटर

भावना बाजूला ठेवा, आधी क्यू सरळ आहे का ते बघा.

टेबलावर लोळवून बघायची पद्धत अर्धवट आहे. क्यू निमुळती असते, जोडून लोळवली तर चांगलीही वाकडी भासते. शाफ्ट सुटा करून लोळवा आणि मधल्या भागाखालची उजेडाची फट बघा. फट कमीजास्त होत असेल तर शाफ्ट गेला. मग बट सुटा. मग जोडून. सुटे दोन्ही सरळ, पण जोडल्यावर डोलते, याचा अर्थ जॉइंटची तोंडं नीट बसत नाहीत. ट्यूबलाइटसमोर जॉइंट धरा आणि सांध्यातून किरण दिसतो का बघा. पुष्कळदा नुसता चॉकचा भुगा अडकलेला असतो, कोरड्या ब्रशने जातो.

आपल्या नाशिकला मोजमापाच्या सोयीची काय कमी! सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचा टर्नर असेल तर दोन व्ही-ब्लॉक (खाचेचे ठोकळे) आणि डायल गेजवर (बाक मोजणारा काटा) पाच मिनिटांचं काम आहे.

तिथेच जॉइंटच्या पिनचे आटेही मोजून घ्या. ५/१६×१४ आणि ५/१६×१८ (इंचात जाडी × इंचाला आटे) लांबून सारख्याच दिसतात. अर्ध्या इंचात ७ आटे की ९, एवढं मोजलं की कळतं. पुढे शाफ्ट बदलायचा तर हा आकडा लागणारच. जबरदस्तीने फिरवला की शाफ्टमधली आट्यांची पितळी नळी खराब होते.

स्वस्त 'कार्बन' म्हणून नुसतं फायबरग्लास चढवलेलं लाकूडही विकलं जातं. जॉइंटच्या बाजूने आत डोकावा. शाफ्टचं वजनही करा, १३ मिमी मेपलचा साधारण १०० ते १२० ग्रॅम भरतो. 'लो डिफ्लेक्शन कार्बन' त्याहून बराच जड निघाला तर प्रश्न विचारायला हरकत नाही.

तिरका_ब्रिज

सगळ्यांचे आभार. करून बघितलं.

पहिलीची टिप खरंच सपाट होती. दोन्हींना एकच मीडियम टिप लावली, तर 'थप्' आणि 'टक्'मधला फरक निम्म्याहून कमी झाला. मिसक्यू थांबले. दुसरीने हुकताना पांढरा साइडच्या बाजूलाच जातो, अगदी उलटी_साइड म्हणाले तसं. पहिली जोडून डोलत होती. जॉइंट साफ केल्यावर सांध्यातला उजेड गेला, डोलणंही गेलं. अर्ध्या इंचात ९ आटे.

आता उरला वजनाचा प्रश्न. ५७० ग्रॅमची हळू शॉटला जड वाटते. आणि ब्रिजमधून, म्हणजे क्यूला पुढे आधार देणाऱ्या हातातून, सरकताना दुसरी एकसारखी वाटते, पहिली लवकर जाड होत जाते. हा भास आहे का?

चॉक_नि_फडका

भास नाही, तो टेपर, म्हणजे शाफ्टचं निमुळतेपण. पूलच्या बऱ्याच शाफ्टमध्ये टिपपासून पहिले २५ ते ४० सेंमी जाडी जवळजवळ तीच राहते, त्याला प्रो टेपर म्हणतात. तुमचा मेपल शंकूसारखा जाड होत जाणारा असावा. उघडा ब्रिज धरत असाल तर फार फरक पडत नाही. बोटाची कडी करून धरत असाल तर रोज खटकेल, आणि हे सवयीने जाईलच असं नाही.

वजन सोपं आहे. बटाच्या मागचं रबर काढा, आत बहुतेक क्यूंना वजनाचा बोल्ट असतो, लांब ॲलन कीने निघतो. ३० ग्रॅम कमी केलेत की तुम्ही १९ औंसाच्या आसपास आलात. चालणारा पल्ला १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम. मात्र मागचं वजन काढलं की तोल पुढे सरकतो. क्यू बोटावर तोलून बघा. बटाच्या टोकापासून ४५ ते ४८ सेंमीवर तोल आला तर ठीक, त्याहून पुढे गेला की क्यू नाकाने खाली जाते असं वाटतं. मागच्या वजनाने डिफ्लेक्शन बदलत नाही, त्यामुळे त्या बाजूने निर्धास्त राहा.

उलटी_साइड

९ आटे म्हणजे ५/१६×१८, सहज मिळणारा जॉइंट. माझं मत: पहिली ठेवा. बट सरळ आहे, जॉइंट बसतोय, टिप आता ठीक आहे. टेपर खुपायला लागलं तर त्याच पिनवर प्रो टेपरचा, हलक्या टोकाचा शाफ्ट नंतर घेता येईल, मेपलचा किंवा कार्बनचा. फक्त जॉइंटच्या तोंडाचा व्यास आणि पायलट (शाफ्टच्या तोंडाशी बाहेर आलेली पितळी कडी) असेल तर त्याचं माप आधी जुळवा. शाफ्ट एक ठरवला की तीन महिने तरी बदलू नका. दोन डिफ्लेक्शनमध्ये रोज उड्या मारणाऱ्याचा नेम कधीच बसत नाही.

मायक्रोमीटर

सहमत, पण पावसाळ्याचं कुणी बोललं नाही. इथे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत आणि जूननंतर चार महिने ओल. मेपल या फेऱ्यातच वाकतं. कार्बनला या चक्राचं काही वाटत नाही, दुकानदार तेवढं खरं बोलला. क्यू गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, भिंतीला तिरकी टेकवायची नाही. सुटी करून कडक केसमध्ये, घराच्या आतल्या भिंतीकडे. शाफ्ट चिकट झाला तर कोरडं मायक्रोफायबर, गरज पडली तर किंचित ओलं आणि लगेच कोरडं. पॉलिश पेपर नको, दरवेळी जाडी कमी होते. पावडरही नको, कापडावर पांढरे डाग राहतात आणि पार्लरवाला तोंडावर बोलत नाही एवढंच, हातमोजा घाला. आणि मिसळ खाऊन थेट टेबलावर येणाऱ्यांनी आधी हात साबणाने धुवावेत, ती तर्री लाकडात मुरते.

तिरका_ब्रिज

ठरलं, पहिली. शेवटचा प्रश्न, ब्रेकही (डाव सुरू करणारा जोरदार फटका) हिनेच मारू का?

चॉक_नि_फडका

नका. मीडियम टिप रोजच्या ब्रेकने दाबली जाऊन कडक होते आणि कडेने पसरते, आत्ता लावलेली दोन महिन्यांत पुन्हा बदलावी लागेल. ब्रेकला पार्लरची क्यू उचला, टिप घट्ट आहे ना तेवढं बघून.