मदत हवी आहे: डायनामो ठणठणीत, बॅटरी नवी, तरी चार्जिंग नाही

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९६१ ची गाडी आहे. १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला), अल्टरनेटर नाही, बॅटरी चार्ज करायला जुन्या पद्धतीचा डायनामोच. सोबत दोन बॉबिनची (तारेच्या गुंडाळ्यांची) रेग्युलेटरची डबी: एक कट-आउट (डायनामो चार्ज करत असेल तेव्हाच त्याला बॅटरीशी जोडणारा स्विच), एक व्होल्टेज रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा). दोन महिन्यांपासून बॅटरी सारखी उतरते. दिवसाच चालवली तर आठवडाभर तग धरते, पण दोन रात्री हेडलाइट लावून फिरलो की तिसऱ्या सकाळी सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प. धक्का मारायला इतक्यांदा बोलावलंय की शेजाऱ्यांना आता मला दुरून बघितलं तरी कामं आठवतात.

आतापर्यंत केलेले उद्योग असे. आधी बॅटरी बदलली (घाई झाली, कबूल). मग पट्टा ताणला. मग डायनामो खाली उतरवून कार्बन ब्रश नवे टाकले, कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) पुसला, खाचांमधली घाण काढली. तरी फरक शून्य.

मग डायनामोची ती जुनी परीक्षा घेतली. डी (डायनामोचा करंट बाहेर नेणारी) आणि एफ (फील्ड कॉइलची) या दोन्ही वायरी काढल्या, डायनामोची दोन टोकं एकमेकांना जोडली, मीटरची एक तार तिथे आणि दुसरी बॉडीला. हळूहळू रेस दिली. व्होल्टेज न थरथरता १८ पर्यंत चढलं, तिथेच थांबलो, कारण २० च्या वर जाऊ द्यायचं नसतं. काटा १ व्होल्टच्या आसपास अडकला तर फील्ड कॉइल (चुंबकत्व देणारी गुंडाळी) खराब, ४-५ वर अडकला तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग) खराब, असं वाचलं होतं. माझा कुठेच अडकला नाही. म्हणजे डायनामो पास.

आता बॅटरीच्या टोकांवरची मापं. सकाळी गाडी बंद असताना १२.२. चांगली रेस देऊन, दिवे बंद: १२.९. रेस तीच, हेडलाइट चालू: १२.३.

एक विचित्र गोष्ट राहिली. चार्जिंगचा लाल दिवा दिवसा रेस दिल्यावर नीट विझतो. पण रात्री, हेडलाइट चालू असताना, तो पूर्ण विझत नाही. उदबत्तीच्या टोकाइतका लाल ठिपका दिसत राहतो. आणि रेस वाढवली की कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढतो! हे कळीचं आहे की मी उगाच अंधारात बघत बसतोय?

रेग्युलेटर नवा घ्यायचा का? तो अजून उघडलेला नाही.

प्रतिसाद – वेगळावेग
अल्टरनेटर बसवा आणि सुखाने झोपा.

प्रतिसाद – धागाकर्ता
तो सल्ला मिळणारच होता, वाटच बघत होतो. पण गाडी मूळ रूपात ठेवायची आहे हो.

प्रतिसाद – जुनंलोखंड
काही विकत घेऊ नका. तो लाल ठिपकाच तुम्हाला सगळं सांगतोय.

त्या दिव्याची एक वायर डायनामोच्या डी टोकाला असते, दुसरी इग्निशन स्विचमधून बॅटरीकडे. दोन्हीकडे सारखंच व्होल्टेज असेल तर तो विझतो. इंजिन बंद असताना डीवर काहीच नसतं, म्हणून लख्ख पेटतो. तुमचा रेस दिल्यावरही मिणमिणतोय, म्हणजे दोन्ही बाजूंत अजून फरक आहे. आणि करंट वाढला की तो फरक वाढतो, म्हणून ठिपकाही वाढतो. डायनामो माल बनवतोय, तो वाटेत अडतोय.

दुसरं, तुमचा रेग्युलेटर डीवरचं व्होल्टेज बघतो, बॅटरीवरचं नाही. त्याला वाटतं सगळं आलबेल आहे, तो डायनामोला आवरून धरतो आणि बॅटरी उपाशी. नवी बॅटरी टाकली तरी तीच गत होणार.

हेडलाइट लावा, कोणाला तरी रेस धरायला सांगा आणि मीटर बॉडीला न लावता वाटेवर लावा. डायनामोचा डी ते डबीचा डी. डबीचा डी ते डबीचा ए (बॅटरीकडे जाणारं टोक). डबीचा ए ते बॅटरीचं पॉझिटिव्ह. शिवाय डायनामोची बॉडी ते बॅटरीचं निगेटिव्ह, कारण इंजिनची अर्थ पट्टी गंजली तरी हाच तमाशा होतो. जिथे मोठा आकडा दिसेल तिथे चोर. वायर लोंबकळत ठेवू नका, पंखा चालू असतो.

प्रतिसाद – धागाकर्ता
आत्ताच मोजून आलो. डायनामो ते डबी ०.१. डबीतल्या डबीत, डी ते ए, १.८!! ए ते बॅटरी ०.२. अर्थ बाजू ०.०५. शिवाय डबीचं झाकण हाताला चांगलं गरम लागलं, हे आधी कधी हात लावूनच बघितलं नव्हतं.

प्रतिसाद – जुनंलोखंड
चोर म्हणजे कट-आउटचे पॉइंट, एकमेकांना टेकून करंट पुढे नेणारे. बॅटरीची अर्थ वायर आधी काढा, मगच झाकण. कट-आउट बोटाने दाबून मिटवलात तर अख्खी बॅटरी डायनामोत रिकामी होऊ पाहते, आणि तो मोटर व्हायला लागतो.

बारीक काचपेपरची पट्टी पॉइंटच्या मध्ये धरा, हलक्या हाताने मिटवा, ओढा. एमरी पेपर नको, त्याची कणी पॉइंटमध्ये रुतते. शेवटी साधा कोरा कागद ओढा, स्वच्छ निघाला की झालं. शेजारचा रेग्युलेटर आणि सगळे अ‍ॅडजस्टमेंटचे स्क्रू मात्र सोडून द्या. ते मी सांगूनही तुम्ही फिरवाल, पण सांगून ठेवतो.

प्रतिसाद – धागाकर्ता
फिरवले नाहीत, शप्पथ.

झाकण काढलं तर एका पॉइंटवर उंचवटा, समोरच्यावर तेवढाच खड्डा, भोवती राखाडी पूड. पहिली पट्टी ओढली ती काळी कुळकुळीत. सहावीला कुठे रंग उतरला. कोरा कागद तीनदा ओढला. डबीवरचे वायरी आवळायचे स्क्रू आणि थिंबलही (वायरीच्या टोकांच्या धातूच्या टोप्या) हाताशी होते म्हणून घासले.

आता डी ते ए ०.३. बॅटरीवर रेस देऊन, दिवे बंद: १४.१. हेडलाइट लावून: १३.४. रात्री गॅरेजचं दार लावून, अंधार करून दिव्याकडे पाच मिनिटं टक लावून बसलो, ठिपका नाही. घरातल्यांनी दोनदा येऊन विचारलं की आत काय चाललंय.

एकच शंका. गाडी उभी असताना, मंद चालीवर लाल दिवा अजून पेटतो आणि बॅटरीवर १२.४ दिसतं. हे पण काही आहे का?

प्रतिसाद – जुनंलोखंड
नाही. डायनामो मंद चालीवर चार्ज करतच नाही, तेव्हा कट-आउट उघडा असतो. वाहतुकीत अडकलात तर हेडलाइट बंद करा, पार्किंग लाइटवर राहा. आणि तो १.८ चा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. खड्डा पडलेले पॉइंट घासून सपाट झाले तरी पुन्हा जळतात, दोन-तीन महिन्यांनी डी ते ए परत मोजा. ०.६-०.७ कडे सरकायला लागलं तर मग डबी शोधायला लागा.

प्रतिसाद – वेगळावेग
आणि ती जुनी बॅटरी फेकली नसेल तर चार्जरवर लावून बघा, बिचारी निर्दोष असेल.

प्रतिसाद – धागाकर्ता
लावली. रात्रभर चार्जिंग, मग दिवसभर तशीच ठेवली. १२.६. आता गॅरेजमध्ये दोन आहेत.