घर सरकारचं, मांडव पक्षाचा

पर्वतीकर (२४ ऑक्टोबर २०२०)

काल 'निळी छत्री' यांनी लेख टाकला: 'पदावरचा अध्यक्ष प्रचार नाही करणार तर काय भजन करणार?' सार एवढंच की पदाचा फायदा सगळेच घेतात, ट्रम्प उघड घेतात म्हणून माध्यमांना पोटदुखी. खाली अंगठ्यांची रांग. तिथेच दोन ओळी खरडायला बसलो, त्या लांबल्या, म्हणून हा वेगळा धागा.

प्रचाराला कोणाचीच ना नाही हो. पण २७ ऑगस्टची ती रात्र आठवा. रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी स्वीकारायचा कार्यक्रम, आणि मांडव कुठे? व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर. दीडेक हजार खुर्च्या एकमेकींना खेटून, मास्क शोधावा लागत होता, वर वॉशिंग्टन स्मारकाशी आतषबाजी. त्याच्या दोन दिवस आधी परराष्ट्रमंत्री जेरुसलेमच्या गच्चीवरून पक्षासाठी भाषण देतात. सरकारी नोकरांना पक्षाच्या प्रचारापासून रोखणाऱ्या १९३९ च्या हॅच कायद्यातून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष सुटतात, ठाऊक आहे, कोणी शिकवू नका. पण त्या इमारतीत राबणारी बाकीची माणसं त्याच कायद्याखाली येतात ना?

आणि करोनाच्या मदतीचा तो चेक. आमच्या शेजारच्या इटालियन आजींना १,२०० डॉलरचा कागदी चेक आला. डाव्या बाजूला छापलेलं: प्रेसिडेंट डोनाल्ड जे. ट्रम्प. सही नाही, कारण तिथे अध्यक्षाची सही चालतच नाही, नुसतं नाव. आजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "म्हणजे हे त्याने स्वतःच्या खिशातून दिले का रे?"

माझा आक्षेप हा एवढाच आहे. आजींना तो प्रश्न पडावा म्हणूनच ते नाव तिथे होतं.

निळी छत्री

वा! आजी बोलल्या, निकाल लागला.

पर्वतीकर, जरा मागे जा. १९७६ ला फोर्ड व्हाइट हाऊसच्या गुलाबाच्या बागेत उभे राहूनच प्रचार करत होते. १९८० ला कार्टर इराणच्या ओलिसांचं कारण सांगून महिनोन्महिने बाहेर पडले नाहीत, आत बसून 'अध्यक्षीय' दिसत राहिले. २०१२ च्या १५ जूनला, निवडणूक पाच महिन्यांवर असताना, ओबामांनी त्याच बागेत, लहानपणी बेकायदा आणलेल्या मुलांना देशाबाहेर न काढण्याची सवलत जाहीर केली. तेव्हा तुमच्या आजी कुठे होत्या? आणि २००१ ला करपरतीची पत्रं आली त्यात बुश यांचं नाव नव्हतं का? माझ्याकडे ते पत्र अजून फाईलमध्ये आहे.

निदान हा माणूस लोकांत जातो. दुसरा उमेदवार, बायडन, तळघरातून कॅमेऱ्याशी बोलतो.

पर्वतीकर

फाईल नीट ठेवता, कौतुक आहे. २००१ निवडणुकीचं वर्ष नव्हतं आणि ते पत्र होतं, चेक नव्हे. ओबामांचा निर्णय मतांवर डोळा ठेवून होता, हे मला मान्य आहे. पण तो निर्णय होता, त्यावर त्यांना झोडपताही आलं. हिरवळीवरच्या खुर्च्या हा कुठला निर्णय?

रारितन

तुमच्या कायद्याच्या कीसात मला रस नाही. माझी बायको नर्स आहे. एप्रिलमध्ये एकच एन-९५ कागदी पिशवीत घालून, पिशवीवर स्वतःचं नाव लिहून, आठवडाभर वापरत होती. घरी आली की गॅरेजमध्ये कपडे बदलायची. मुलीला दोन महिने जवळ घेतलं नाही. नाकावर वण पडला होता, अजून आहे.

करोना झाल्यावर ५ ऑक्टोबरला हा माणूस वॉल्टर रीड या लष्करी इस्पितळातून परत आला, बाल्कनीत उभा राहिला आणि कॅमेऱ्यासमोर मास्क काढून खिशात घातला. अजून बरा झालेला नव्हता. बायको तेव्हा डबा भरत होती. काही बोलली नाही, टीव्ही बंद केला.

त्याच्या आदल्या दिवशी गाडीत बसून समर्थकांना हात दाखवायला बाहेर पडला. त्या बंद गाडीत सीक्रेट सर्व्हिसची माणसं होती. आणि १२ तारखेला फ्लोरिडात सभा. 'लोकांत जातो' म्हणे!

निळी छत्री

वहिनींना नमस्कार, मनापासून. पण त्या मास्कचा सरकारी साठा आधी कोणाच्या काळात आटला, तेही बघा.

रारितन

साडेतीन वर्षं कोण होतं तिथे? माझे आजोबा?

मी_गावकरी

सातारा जिल्ह्यातून लिहितोय, अमेरिका कधी पाहिली नाही. पण आमच्याकडे आचारसंहिता लागली की ग्रामपंचायतीचा शिपाई खळीचा डबा घेऊन निघतो आणि समाजमंदिराच्या कोनशिलेवर वर्तमानपत्र चिकटवतो. मंत्र्याचं नाव झाकलं गेलं पाहिजे. गेल्या खेपेला अर्धा कागद वाऱ्याने उडाला, तर विरोधी पार्टीच्या पोरांनी फोटो काढून तहसीलदाराला पाठवला. आणि तिकडे जगातली सगळ्यात जुनी लोकशाही चेकवर नाव छापते?

इंदिराबाईंची खासदारकी अलाहाबाद कोर्टाने १९७५ ला रद्द केली, त्यातलं एक कारण काय होतं? सभेचं व्यासपीठ सरकारी अधिकाऱ्यांनी उभारलं. फक्त व्यासपीठ.

निळी छत्री

आणि त्या निकालानंतर तेराव्या दिवशी काय झालं, गावकरी? आणीबाणी. कागद चिकटवून लोकशाही टिकत नसते.

मी_गावकरी

बरोबर. म्हणून तर ३० जुलैला कोणी तरी 'निवडणूक पुढे ढकलायची का?' असं ट्वीट केलं, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. आम्ही एकदा पाहिलंय. तुम्ही नाही.

पुण्यात_अडकलेली

मला त्या आठवड्यातली दुसरीच गोष्ट खुपते. २५ ऑगस्टला पक्षाच्या अधिवेशनात एक व्हिडिओ दाखवला. व्हाइट हाऊसमध्ये पाच जणांना नागरिकत्वाची शपथ, अध्यक्ष कौतुकाने बघतायत. त्यातल्या एक आपल्याकडच्या सॉफ्टवेअर इंजिनियर. हे चित्रण अधिवेशनात दाखवणार, याची निदान दोघांना कल्पनाच नव्हती असं नंतर छापून आलं.

मीही सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. फेब्रुवारीत आईच्या ऑपरेशनला पुण्यात आले. मार्चची व्हिसा-स्टॅम्पिंगची तारीख रद्द झाली. २२ जूनला याच माणसाने फर्मान काढलं, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना वर्षअखेरपर्यंत प्रवेश बंद. १२ ऑगस्टला सवलती निघाल्या, जुन्याच नोकरीवर परतणाऱ्यांसाठी. कागद पुन्हा भरले, तारीख मिळत नाही. मुलगा चार वर्षांचा आहे, तिकडे बाबाकडे. फोन उशीला टेकवून माझ्यासमोर जेवतो. परवा ताटातली भेंडी उचलून स्क्रीनला लावली, "आई, तू खा."

जूनमध्ये दार लावायचं आणि ऑगस्टमध्ये दारातच ओवाळणीचा व्हिडिओ काढायचा. याला मी प्रचार म्हणत नाही.

सत्त्याण्णवची_बॅच

ताई, वाईट वाटलं. पण आम्हीही रांगेत उभे राहिलो. अकरा वर्षं ग्रीन कार्डची वाट पाहिली, वडिलांच्या अंत्यविधीला जाता आलं नाही. तेव्हा अध्यक्ष कोण होते, ते मी मोजत बसलो नाही. लाखो अमेरिकन बेकार असताना सरकारने आधी त्यांना बघितलं तर चुकलं काय? आणि स्पष्टच सांगतो, ज्यांना इथे मत नाही त्यांनी इथल्या निवडणुकीवर मत मांडू नये.

पुण्यात_अडकलेली

कर घेताना विचारलं नव्हतं हो, मत आहे का म्हणून.

रारितन

@बॅच, ह्यूस्टनला गेल्या सप्टेंबरात मोदींच्या सभेत 'अबकी बार ट्रम्प सरकार'च्या टाळ्या कोणी वाजवल्या? तिथल्या अर्ध्यांना तरी मत होतं का? तेव्हा चाललं?

सत्त्याण्णवची_बॅच

मी होतो तिथे, पन्नास हजारांत. टाळ्याही वाजवल्या. तुमची परवानगी घ्यायला विसरलो.

तिरकस

एक शंका. रांगेत अकरा वर्षं उभा राहिलेला माणूस आत गेल्यावर मागच्याच्या तोंडावर दार का आपटतो? एसटीत हेच बघत आलोय. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा सगळ्यात आधी ओरडतो, "गाडी भरली, पुढे चला!"

सत्त्याण्णवची_बॅच

रुमाल टाकून आलेलो नाही. मास्टर्स करून आलोय. जीभ आवरा.

पर्वतीकर

अरे, धागा व्हिसावर गेला की!

पुण्यात_अडकलेली

तुमच्यासाठी 'गेला'. माझ्यासाठी तोच आहे.

निळी छत्री

ताईंच्या बाबतीत मी वाद घालणार नाही. तो व्हिडिओ मलाही ओशाळवाणा वाटला होता, लेखात मुद्दाम टाळला. घ्या, खूश? चेकवरचं नावही नको होतं, देऊन टाकतो. पण परवाचा नॅशव्हिलचा दोन्ही उमेदवारांचा वाद बघितलात ना? माइक बंद करायची सोय होती, माणूस माणसासारखा बोलला. क्लीव्हलंडच्या आधीच्या वादातल्या आरडाओरड्याचं तुणतुणं किती दिवस वाजवणार? माझं मत बदललेलं नाही.

पर्वतीकर

माइक बंद करायची सोय केली तेव्हा माणसासारखा बोलला. हे वाक्य तुमचंच आहे, मी फक्त पुन्हा लिहिलं.

मी_गावकरी

@पर्वतीकर, तुम्ही दिलं का मत?

पर्वतीकर

हो. न्यू जर्सीत यंदा सगळ्यांना घरीच मतपत्रिका आल्या. टपालातून घोटाळा होणार असं हा गृहस्थ वर्षभर ओरडतोय, आणि ऑगस्टमध्ये फ्लोरिडाच्या प्राथमिक फेरीला स्वतः टपाली मतपत्रिका मागवली होती. आज मात्र जातीने जाऊन मत देऊन आला. मी लायब्ररीबाहेरच्या पेटीत टाकली. लिफाफ्यावर सही करताना हात थांबला. नागरिकत्वाच्या कागदांवर मी मराठीत सही केली होती, हल्ली इंग्रजीत करतो. जुळली नाही तर? दहा मिनिटं गाडीत बसून बॉलपेनने जुनी सही गिरवत होतो.

निळी छत्री

मराठीतच करायची होती. माझी मराठीतच आहे, कधी अडलं नाही. आणि काउंटीच्या साइटवर पोचपावती दिसते, तपासा. विरोधी मत असलं तरी मोजलं जावं.

सत्त्याण्णवची_बॅच

@पुण्यात_अडकलेली, मघाशी जास्त बोललो. रोज पहाटे साइट बघा, रद्द झालेल्या तारखा अधूनमधून पुन्हा उघडतात. माझ्या भाचीला गेल्या आठवड्यात तशीच मिळाली.

पुण्यात_अडकलेली

बघते, काका. गजर साडेतीनचाच आहे.