मदत हवी आहे: 35 लाखांचं गृहकर्ज, फ्लोटिंग की 3 वर्षं फिक्स्ड?

नमस्कार मंडळी,

नागपूरला बेसा भागात टू बीएचकेचा व्यवहार ठरलाय, पुढच्या महिन्यात रजिस्ट्री. 35 लाखांचं कर्ज, मुदत 20 वर्षं, अहो आणि मी दोघांच्या नावावर. दोघांचे मिळून हातात 86 हजार येतात. सध्या मनीषनगरला 14 हजार भाडं भरतो, मुलगी पहिलीत आहे.

मंजुरी दोन ठिकाणांहून आली आहे. एका बँकेचा दर 7.60 टक्के, रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते) जोडलेला, म्हणजे त्याच्याबरोबर बदलणारा (फ्लोटिंग), हप्ता 28,410. दुसरीकडे पहिली 3 वर्षं 9.10 टक्के पक्का (फिक्स्ड), हप्ता 31,716, आणि नंतर 'त्या वेळी चालू असलेला फ्लोटिंग दर'. त्या 3 वर्षांत जादा पैसे भरले तर 2 टक्के आकारही आहे. फ्लोटिंगला वैयक्तिक गृहकर्जावर असा दंड घेता येत नाही.

फिक्स्डचा आग्रह अहोंचा आहे, आणि त्याला कारण माझा दादा. त्याने 2021 मध्ये 6.80 टक्क्यांनी 25 लाख घेतले होते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 वरून 6.50 वर गेला. बँकेने हप्ता तोच ठेवला, मुदत वाढवत नेली, त्याला धड कळवलंही नाही. 2023 चं स्टेटमेंट काढलं तेव्हा 19 हजारांच्या हप्त्यातले 18,700 व्याजातच जात होते! वहिनी त्या दिवशी रडली, ते आमच्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही.

म्हणून मी आकडे मांडून बसले. फिक्स्ड घेतलं तर 3 वर्षांत 1 लाख 19 हजार जास्त जातात. ते वसूल व्हायला रेपो लवकर आणि दीड टक्क्याहून बराच वर जायला हवा. 2025 मध्ये तो 6.50 वरून 5.25 वर आलाय, म्हणजे पुढे चढणारच नाही असं मी म्हणत नाही. पण चढला तरी चौथ्या वर्षापासून फिक्स्डवाले आपल्यासारखेच उघड्यावर. भीती 20 वर्षांची आहे आणि विमा 3 वर्षांचा, हे मला पटत नाही.

दर अडीच टक्के वाढून 10.10 झाला तर पूर्ण मुदतीचा हप्ता 34 हजारांच्या आसपास जातो. ओढाताण होईल, पण भाडं सुटलेलं असेल, म्हणून झेपेल असं वाटतं. माझा विचार असा आहे की फ्लोटिंग घ्यायचं आणि फिक्स्डचा जो हप्ता पडला असता तोच भरायचा. वरचे 3,300 दरमहा थेट मुद्दलात.

आता विचारायचं ते असं. ऑगस्ट 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे आपल्याला विचारायला हवं. फिक्स्डकडे जाण्याचा पर्यायही तेव्हा द्यावा लागत होता, पण ऑक्टोबर 2025 पासून तो द्यायचा की नाही हे बँकेवर आहे. असं फ्लोटिंगचं फिक्स्ड खरोखर कोणी करून घेतलंय का? तेव्हा दर किती सांगितला, फी किती लागली?

दुसरं, रेपोवरचा स्प्रेड, म्हणजे रेपोवर बँक जो जादा टक्का लावते तो. नवीन ग्राहकाला कमी स्प्रेड मिळतो आणि जुना तसाच राहतो, असं शेजारच्या काकू सांगतात. अर्ज करून कमी करून घेतलाय का कोणी? मंजुरीपत्रात नेमकी कोणती ओळ वाचायला हवी?

अपडेट: बिल्डरच्या ओळखीच्या संस्थेकडे का जात नाही, असं दोघांनी विचारलंय. ती गृहवित्त संस्था आहे, तिचा दर रेपोशी नाही तर तिच्या स्वतःच्या पीएलआरशी (तिनेच ठरवलेल्या मूळ दराशी) जोडलेला आहे. रेपो उतरला तरी आपल्यापर्यंत कधी पोचेल ते तिच्या मर्जीवर, म्हणून नको म्हटलं. शनिवारी बँकेत सही करायला जायचंय, त्याआधी कोणाचा अनुभव मिळाला तर फार बरं होईल.