पॅटर्न पैसे देऊन घेतलाय, मग त्यावरनं शिवलेले फ्रॉक विकले तर चोरी कशी?

सुईदोरा: परदेशातल्या एका बाईचा लहान मुलींच्या फ्रॉकचा पीडीएफ पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा नमुना, विकत घेतला, ए-फोर कागद चिकटवून कटिंग केलं, कापड कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातनं आणलं, आणि शिवून ओळखीत विकायला सुरुवात केली. आता एक वहिनी म्हणतात पहिल्या पानावर 'फक्त घरगुती वापरासाठी' लिहिलंय, विकलास तर चोरी. कागद त्या परदेशी बाईचा असंल, पण कापड, मशीन, मेहनत माझी की.

महाद्वारची_ताई: मी ब्लाउजची पेपर कटिंग विकते म्हणून बोलते. कटोरी ब्लाउजचा 36 मापाचा खाका बसला म्हणून 42 चा बसत नाही, टोकाला झोळ येतो, मुंढा ओढतो, परत कापा परत शिवा, किती अस्तर वाया जातं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्यावर कुणी दुकान चालवणार आणि मला एकदाचेच पैसे? अट वाचूनच घेतलास ना बाई?

भावा_कायदा_बघ: दोन्ही गोष्टींची खिचडी झालीय. पॅटर्नचा कागद, आकृत्या, सूचना यांवर कॉपीराइट असतो, त्यामुळं झेरॉक्स काढून वाटलंस किंवा पीडीएफ ग्रुपवर टाकलीस तर सरळ चूक. शिवलेला फ्रॉक वेगळा. अमेरिकेतसुद्धा कपडा उपयोगाची वस्तू धरतात, नुसत्या कटला कॉपीराइट नाही, 2017 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं चीअरलीडरच्या ड्रेसवरच्या पट्ट्यांच्या नक्षीला संरक्षण मिळू शकतं म्हटलं, पण ते नक्षीला, ड्रेसच्या आकाराला न्हवं. आपल्याकडं 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 15 बघा, नोंदवता येण्यासारखं डिझाईन नोंदवलं नाही आणि मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं कारखानी पद्धतीनं 50 च्या वर नग काढले की त्यातला कॉपीराइट संपतो. डिझाईन नोंदवलं तर 10 वर्षं संरक्षण, वर 5 वाढवून मिळतात. राहिली ती अट, तो कराराचा प्रश्न, कॉपीराइटचा न्हवं.

रंकाळा_कट्टा: व्वा! 2025 ला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता दाखवली तवा अख्खं कोल्हापूर बोंबललं, आता स्वतःवर आलं की कलम 15?

सुईदोरा: भावा चप्पलचं वेगळं आहे, 2019 चं जीआय टॅग आहे, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी नोंद, ते एका माणसाचं न्हवं, कोल्हापूरसकट आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचं. मी तर पॅटर्नवाल्या बाईचं नाव सांगूनच विकते, वर पॅटर्नचे पैसेपण दिलेत.

महाद्वारची_ताई: नाव सांगून माझं लाईट बिल भरतंय काय? काहीजणी जादा पैसे घेऊन विकायची परवानगी देतात, तिला मेल टाकून विचार की.

सुईदोरा: विचारते. रास्त मागितले तर देईन. लई मागितले तर बेबी कॉलर आन गोल योक (गळ्याखालचा वेगळा जोडलेला भाग) माझं मी काढीन, ते काय तिनं शोधून काढलेलं नाही.