नाडी पाहून श्वास संथ करण्याचे यंत्र : आकडे स्थिर का राहत नाहीत?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
नमस्कार. शेतीची वीज रात्री येत असल्यामुळे माझे बाबा हरभऱ्याचे ओलित रात्रीच करतात, आणि आता वीज नसलेल्या रात्रीही त्यांना झोप लागत नाही. डॉक्टरांनी तपासून हृदयात दोष नसल्याचे सांगितले व संथ श्वसनाचा सराव सुचवला. श्वासाबरोबर नाडी कशी बदलते हे त्यांना डोळ्यांनी दिसावे, म्हणून मी आर्डुइनो नॅनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला मॅक्स ३०१०२ हा प्रकाशाने नाडी टिपणारा सेन्सर आणि लहान पडदा जोडला. दर १० सेकंदांतील ठोके मोजून मी त्यांना ६ने गुणतो. माझ्या बोटावर आकडा ठीक येतो. बाबांच्या बोटावर मात्र कधी ५४, तर कधी एकदम १३८ येतो. सेन्सर बदलावा का?

उत्तर १ (मोर्शी)
भाऊ, सेन्सर बदलू नका, जागा बदला. डवऱ्याचे रुमणे धरून घट्टे पडलेल्या बोटाच्या जाड कातडीतून प्रकाश कमी परततो, आणि थंडीत बोटांतला रक्तप्रवाहही आखडतो. कानाची पाळी अशा वेळी उत्तम. कपड्यांच्या चिमट्याला आतून स्पंज लावून त्यात सेन्सर बसवा, पण स्प्रिंग सैल करा, कारण दाब जास्त झाला की ठोकाच पुसला जातो. वरून काळे कापड घ्या. १३८ हा आकडा बहुधा दुप्पट मोजणीचा आहे : नाडीच्या प्रत्येक लाटेच्या उतारावर एक लहान उंचवटा असतो आणि प्रोग्राम त्यालाही ठोका समजतो. एक ठोका मिळाल्यावर पुढचे ३०० मिलिसेकंद काहीच मोजू नका.

उत्तर २ (हिंगणघाट)
वरील सूचना योग्यच आहेत, पण मला मूळ अडचण मोजण्याच्या पद्धतीत दिसते. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते, आणि हा चढउतार मिनिटाला सुमारे ६ श्वासांच्या गतीला सर्वांत ठळक होतो. म्हणजे एक श्वास १० सेकंदांचा, आणि आपली मोजणीही नेमकी १० सेकंदांची. त्यामुळे जी लाट बाबांना दाखवायची, तीच सरासरीत बुडते. दोन ठोक्यांमधले अंतर मिलिसेकंदांत मोजून ६०,००० ला त्याने भागा : १००० आले तर ६०, ८३३ आले तर ७२. आकड्याऐवजी मागच्या ३० सेकंदांची रेघ दाखवा. वयाबरोबर हा चढउतार कमी होतो, म्हणून पडद्यावरच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यांतले अंतर कमी ठेवा, नाहीतर काकाजींना रेघ सपाटच दिसेल आणि ते यंत्र बाजूला ठेवतील. कानाला तार लावलेली असताना यंत्र चार्जरवर चालवू नका, बॅटरीवरच चालवा.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. चिमटा कानाला लावला, मोजणी बदलली. काल संध्याकाळी बाबा खाटेवर बसून श्वास सोडत होते आणि रेघ ७० वरून ६५ पर्यंत उतरताना त्यांनी स्वतः पाहिली. पाच मिनिटांनी मी यंत्र काढू लागलो, तर म्हणाले, "राहू दे अजून थोडं."