मदत हवी आहे: बामणोलीला तंबूत मुक्काम

डिसेंबरात दोन रात्री बामणोलीला, शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठी तंबू टाकायचा विचार आहे. मी, बायको, आठ वर्षांची लेक आणि सत्तरीचे बाबा. दुसऱ्या दिवशी लाँचने पलीकडे जाऊन वासोटा किल्ला. किल्ला कोयना अभयारण्यात आहे आणि तिथे मुक्कामाला बंदी आहे, म्हणून अलीकडच्या काठावरच राहणार.

गेल्या वर्षी भंडारदऱ्याला पहाटे तंबूच्या आतून दव टपकायला लागलं, लेकीची पांघरुणं चिंब झाली. उजाडेपर्यंत तिला कुशीत घेऊन बसलो. या वेळी तसं व्हायला नको. तंबू पाण्यापासून किती लांब लावावा? झाडाखाली की उघड्यावर?

बाबांना गड चढवणार नाही. त्यांना लाँचमधून नुसतं फिरवून आणता येईल का? आणि साताऱ्याहून कासमार्गे शेवटची एसटी कितीची?

कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.