लग्नाआधी बहिणीच्या फिटच्या गोळ्या बंद कराव्यात का?

प्रश्न : घणसोलीहून, मोठा भाऊ

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला दहावीच्या वर्षात पहिली फिट आली. त्याआधी काही महिने सकाळी उठल्यावर तिचे हात मध्येच झटका बसल्यासारखे उडत आणि हातातला टूथब्रश बेसिनमध्ये पडे, पण त्यामागे काही आजार असेल अशी शंका कोणालाच आली नव्हती. मेंदूविकारतज्ज्ञांनी ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) पाहून जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी (किशोरवयात सुरू होणारा, हात झटक्याने उडणारा अपस्मार म्हणजे फिटचा आजार) असे निदान केले आणि सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू केले. आज ती २४ वर्षांची आहे, ऐरोलीला नोकरी करते, सकाळ-रात्र ५०० मिलिग्रॅमची सीआर गोळी घेते आणि गेली तीन वर्षे तिला एकही फिट आलेली नाही.

तिचे लग्न ठरले आहे, मार्गशीर्षातला मुहूर्त आहे. आईचे म्हणणे असे की इतक्या काळात काही झाले नाही म्हणजे मुलगी बरी झाली, तेव्हा सासरी गोळ्यांची पाकिटे दिसण्यापेक्षा त्या आत्ताच बंद कराव्यात. बहीण स्वतः द्विधा मनःस्थितीत आहे. त्यातच या महिन्यात नेहमीची स्ट्रिप संपल्यामुळे दुकानदाराने ‘औषध तेच आहे’ असे सांगून दुसऱ्या कंपनीची दिली, आणि तिच्यावर सीआर ही अक्षरे नाहीत. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोपर्यंत आईला काय सांगावे, आणि ही नवी स्ट्रिप वापरावी का?

उत्तर : नौपाडा, ठाणे येथील निवृत्त औषधविक्रेता

आधी स्ट्रिपचे सांगतो, कारण ते आजच करायचे आहे. सीआर गोळीतून औषध पोटात हळूहळू सुटते आणि रक्तातली पातळी दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहते. साधी गोळी तुलनेने लवकर सुटते, त्यामुळे पातळी आधी वर चढून पुढच्या वेळेपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून दोन्हींवर ५०० मिलिग्रॅम लिहिलेले असले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकीच्या जागी दुसरी घेऊ नये. ती स्ट्रिप बिलासह परत करावी आणि चिठ्ठीवर जे लिहिले आहे तेच मागावे. जवळ मिळाले नाही तर वाशीला किंवा ठाणे स्टेशनच्या परिसरात मिळेल, आणि तेही जमले नाही तर डॉक्टरांना फोन करून विचारावे. मात्र मिळेपर्यंत गोळी न घेता थांबायचे, हा पर्याय मनातही आणू नये. यापुढे घरात निदान दोन आठवड्यांचा साठा कायम ठेवावा. शक्यतो एकाच कंपनीची गोळी चालू ठेवावी. कंपनी बदलणे भागच पडले तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण फिटच्या औषधांत रक्तातल्या पातळीचा लहानसा फरकही काही रुग्णांना भोवतो.

आणखी एक गोष्ट दुकानात फारशी कोणी सांगत नाही. व्हॅल्प्रोएटची गोळी हवेतला ओलावा ओढून घेते. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत सुट्या गोळ्या काढून ठेवण्याची सवय चांगली असली तरी आपल्याकडच्या पावसाळ्यात या गोळ्या तशा मऊ पडतात. त्यासाठी स्ट्रिप कात्रीने कापून गोळी वेष्टनासकट कप्प्यात ठेवावी आणि मुदतीची तारीख छापलेला तुकडा सर्वांत शेवटी वापरावा. सीआर गोळी चावू नये, कुटू नये.

एखादी गोळी चुकली तर आठवण होताच घ्यावी, पण पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि दोन एकदम घेऊ नयेत. ताप किंवा दातदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा फिटच्या औषधाचे नाव आधी सांगावे. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविके फिटचा धोका वाढवतात, आणि रुग्णालयात दिले जाणारे मेरोपेनेम हे प्रतिजैविक व्हॅल्प्रोएटची पातळी फार झपाट्याने खाली आणते.

उत्तर : खारघरची एक वाचक

दादा, मलाही हाच आजार आहे आणि माझे लग्न होऊन मुलगीही झाली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आईंना एवढेच समजावून सांगा की फिट आली नाही ती गोळीमुळे. काही प्रकारच्या अपस्मारात दोन किंवा अधिक वर्षे फिट न आल्यास डॉक्टर औषध कमी करण्याचा विचार करतात आणि तेही काही महिन्यांत, पायरीपायरीने करतात. आपल्या बहिणीला आहे त्या प्रकारात औषध थांबवल्यावर फिट परत येण्याचे प्रमाण बरेच जास्त असते आणि अनेकांना ते दीर्घकाळ, कधी आयुष्यभर घ्यावे लागते. एकदम बंद केले तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात आणि त्या जिवावर बेततात. शिवाय या आजाराला सर्वांत जास्त चिथावते ती अपुरी झोप, आणि लग्नघरात हळदीच्या रात्रीपासून कोण पुरेसे झोपते? म्हणजे ज्या आठवड्यात तिला औषधाची सर्वांत जास्त गरज असेल, नेमक्या त्याच आठवड्यात ते तिच्याजवळ नसेल.

असे असले तरी औषधाबद्दल विचार करण्याची हीच वेळ आहे, मात्र त्याचे कारण वेगळे आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास जन्माला येणाऱ्या साधारण १०० पैकी १० बाळांत मोठे जन्मजात दोष आढळतात, तर एरवी हे प्रमाण २ ते ३ असते. पाठीच्या कण्याचा दोष त्यांपैकीच एक आहे. १०० पैकी ३० ते ४० मुलांत बोलणे, शिकणे, वागणे यांचा विकास मागे राहू शकतो. म्हणून मूल होण्याचे वय असलेल्या स्त्रीला दुसरे औषध चालण्यासारखे असेल तर डॉक्टर व्हॅल्प्रोएट टाळतात. हा बदल दिवस राहण्याच्या पुष्कळ आधी व्हावा लागतो. माझ्या बाबतीत लेव्हेटिरासेटाम आधी हळूहळू वाढवले आणि ते पुरेसे झाल्यावरच व्हॅल्प्रोएट उतरवत आणले. मधल्या काळात माझी फार चिडचिड होत असे, तो लेव्हेटिरासेटामचा माहीत असलेला परिणाम आहे आणि तो डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे. लॅमोट्रिजिन दिले तर ते अतिशय सावकाश वाढवावे लागते, कारण अंगावर गंभीर पुरळ उठू शकते. व्हॅल्प्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिनची पातळी जवळजवळ दुप्पट होते, म्हणून सुरुवात अधिकच कमी मात्रेने करतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी मात्र तीच पातळी घसरते. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधे तर या प्रकारातले झटके वाढवू शकतात, तेव्हा कोणा ओळखीच्या माणसाची चिठ्ठी पाहून औषध बदलू नका. फॉलिक ॲसिड किती आणि कधीपासून घ्यायचे तेही विचारा. आणि तिला हे आजच सांगून ठेवा की औषध बदलण्याआधीच दिवस राहिले तरी गोळी स्वतःहून थांबवायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे.

सासरच्यांपासून लपवू नका, असे मी अगदी कळकळीने सांगते. चोरून घेतलेली गोळी चुकते. पाहुण्यांच्या गराड्यात पर्स उघडता येत नाही म्हणूनही चुकते. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून वधू-वरांना अपस्मार नसावा ही अट काढून टाकलेली आहे, हे दोन्ही घरांना माहीत असू द्या. होणाऱ्या नवऱ्याला डॉक्टरांच्या भेटीलाच बरोबर न्या, कारण रात्री तिच्या शेजारी तोच असणार आहे.

उत्तर : कळव्याहून, एका रुग्णाचे वडील

खारघरच्या ताईंनी लिहिले त्यात भर घालतो. होणाऱ्या नवऱ्याला इतके शिकवून ठेवा : फिट आल्यास तिला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावे, घड्याळ पाहावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, चप्पल-कांदा हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर १०८ ला फोन करावा. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरी ठेवावा का, किती मारायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. स्ट्रिप आज बदलून आणली, नेहमीचीच मिळाली. आईने पाठीच्या कण्याच्या दोषाबद्दल दोनदा वाचून घेतले आणि स्वतःही भेटीला येते म्हणाली. होणारे मेव्हणे कोपरखैरण्याला राहतात, त्यांना बहीण उद्या स्वतः सांगणार आहे. डॉक्टरांकडे जाताना बरोबर काय न्यावे?

उत्तर : नौपाडा, ठाणे येथील निवृत्त औषधविक्रेता

सध्याची स्ट्रिप, मागच्या चिठ्ठ्या, पहिला ईईजी, आणि थायरॉइड, केसगळती, रक्तक्षय अशा कशासाठीही ती जे घेत असेल ते सगळे, काढे आणि पुड्यांसकट, न्यावे. फिटवर मिळणाऱ्या निनावी पुड्यांत फेनोबार्बिटोनसारखी फिटचीच औषधे मिसळलेली आढळल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. सकाळी हात उडणे पूर्ण थांबले आहे की अधूनमधून होते, हे बहिणीला आठवून लिहायला सांगा. घरच्यांना ते दिसत नसले तरी तिला ठाऊक असते. वजन, पाळीची अनियमितता, हातांचा कंप हेही लिहावे. यकृताची आणि प्लेटलेटची तपासणी शेवटची कधी झाली ते पाहावे. सतत उलट्या, डोळे पिवळे दिसणे, अंगावर आपोआप निळे डाग पडणे किंवा नको इतकी गुंगी यांपैकी काही असेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता आजच फोन करावा.